लॉगिन स्क्रीन फिरून फिरून परत येतेय? फॉरमॅट मारू नका, आधी या चुका बघा

लिनक्सवर पासवर्ड टाकला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि परत तीच लॉगिन स्क्रीन. पासवर्ड चुकला असता तर तसं लिहून आलं असतं, इथे काहीच येत नाही. म्हणजे लॉगिन झालंय, पण सेशन, म्हणजे तुमचा डेस्कटॉप, सुरू होता होताच मेलंय, आणि बऱ्याचदा त्याआधी आपणच शेलमध्ये (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, मिंटमध्ये बॅश) काहीतरी उद्योग केलेला असतो.

माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे डॉट प्रोफाईलच्या (लॉगिन होताना वाचली जाणारी, होममधली सेटिंगची फाईल) शेवटी 'एक्झेक फिश' नाहीतर 'एक्झेक झीशेल' लिहिणं, फिश आणि झीशेल हे बॅशऐवजी वापरायचे दुसरे शेल. भाच्याने हेच केलं होतं. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, कुठल्यातरी व्हिडिओत बघून ती ओळ टाकली, रीस्टार्ट केला आणि बसला अडकून. मला फोन करायच्या आधी पठ्ठ्याने मिंट दोनदा नव्याने टाकलं होतं! होम पार्टिशन वेगळं ठेवलं होतं (ते मीच शिकवलेलं), त्यामुळे दर वेळी तीच डॉट प्रोफाईल परत जागेवर. "मामा, हार्ड डिस्क गेली बहुतेक, उद्या सबमिशन आहे." म्हटलं कंट्रोल आल्ट एफ3 दाब, नुसत्या अक्षरांची लॉगिन स्क्रीन येईल, तिथे लॉगिन कर, काय दिसतं ते वाच. म्हणे काही नाही, लॉगिन झालं. अरे वाच ना नीट! तेव्हा कुठे त्याने वाचलं: 'बॅश, एक्झेक, फिश, नॉट फाउंड'. झालं, सापडलं. नव्या मिंटमध्ये फिश टाकलेलंच नव्हतं. नॅनो या एडिटरमध्ये फाईल उघडून ती ओळ उडवली, कंट्रोल आल्ट एफ7 ने परत आला, लॉगिन झालं. दोन मिनिटांचं काम, त्यासाठी याची आख्खी रात्र गेली होती.

आणि फिश असतं तरी अडकलाच असता. मिंटमधला लाईटडीएम (लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम) तुमचं सेशन एका साध्या स्क्रिप्टने सुरू करतो, ती स्क्रिप्ट डॉट प्रोफाईल स्वतःच्याच पोटात वाचते, आणि एक्झेक म्हणजे 'मी आता संपलो, माझ्या जागी हा'. स्क्रिप्टच्या जागी फिश आलं, समोर टर्मिनल नाही, फिश बंद, सेशन बंद. फिश हवंय ना, मग टर्मिनलच्या सेटिंगमध्ये लावा, डॉट प्रोफाईलला हात कशाला?

दुसरी चूक याच जातीची, डॉट प्रोफाईलमध्ये बॅशची खास भाषा. ती स्क्रिप्ट बॅशने नाही, एसएच ने चालते, आणि उबुंटू, डेबियन, मिंटमध्ये एसएच म्हणजे डॅश, बॅशपेक्षा साधा शेल. गोल कंसातला ॲरे दिसला की सिंटॅक्स एरर देऊन तिथेच आडवा. 'टर्मिनलमध्ये तर चालतंय' हे मला सांगू नका, तिथे बॅश आहे. मी लॉगआउट करायच्या आधी त्या फाईलवर 'एसएच मायनस एन' चालवतो (फाईल न चालवता नुसत्या सिंटॅक्सच्या चुका दाखवतं) आणि एफ3 वर एक लॉगिन उघडं ठेवतो, सवयच आहे.

डॉट बॅश-प्रोफाईल नवी बनवू नका, ती असली की बॅश डॉट प्रोफाईलकडे बघतही नाही आणि लाईटडीएम मात्र डॉट प्रोफाईलच वाचतो, मग पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे ती यादी) एकीकडे दिसतो, दुसरीकडे नाही. केडीई डेस्कटॉपवाल्यांचा लॉगिन प्रोग्राम एसडीडीएम तुमचा शेल बघून त्याप्रमाणे वागतो, त्यामुळे त्यांचा सल्ला तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

शेल काढून टाकायच्या आधी तो तुमचा लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन झाल्यावर आपोआप सुरू होणारा शेल, नाही ना हे बघा. झीशेल उडवलं आणि पासवर्ड फाईलमध्ये (कोणाचा शेल कोणता हे तिथेच लिहिलेलं असतं) त्याचं नाव तसंच राहिलं तर एफ3 वरही आत घेत नाही. मग ग्रबमधून (मशीन सुरू होतानाचा मेनू) रिकव्हरी मोड, रूट म्हणजे ॲडमिनचा शेल, डिस्क राईटसाठी रीमाउंट, आणि शेल बदलणारी 'सीएचएसएच मायनस एस' देऊन नव्या शेलचा पूर्ण पाथ आणि शेवटी स्वतःचं युजरनेम. नाव विसरलात तर रूटचा शेल बदलतो, सुडो लावून (म्हणजे रूटच्या अधिकाराने) सीएचएसएच चालवणारे इथेच फसतात.

शेल बदलला तरी जुनाच दिसतोय? लॉगआउट केलं नसेल. नुसतं टर्मिनल बंद-चालू करून 'होत नाहीये' म्हणणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही.

सगळं ठीक असूनही स्क्रीन फिरतेय तर डिस्क भरलीय का बघा, होममधली डॉट एक्सऑथॉरिटी (स्क्रीन वापरायची परवानगी ठेवणारी फाईल) रूटच्या नावावर गेलीय का बघा, आणि होममधली डॉट एक्ससेशन-एरर्स फाईल उघडून शेवटच्या ओळी वाचा. भाच्याने ती अजून एकदाही उघडलेली नाही, फोन मात्र लगेच येतो.