रक्तशास्त्रातील संशोधकाची निबंधसूची कशी वाचावी

रोगप्रतिकारशास्त्र आणि रक्तशास्त्र या क्षेत्रांत काम करणाऱ्या संशोधकाच्या शोधनिबंधांची यादी हाती आली, की बहुतेकांची नजर आधी एकूण आकड्यावर जाते. त्या आकड्यात मूळ संशोधन, एखाद्या रुग्णाची हकिगत, संपादकास लिहिलेले पत्र आणि इतरांच्या कामाचा आढावा हे सारे सारख्याच वजनाने मोजले गेलेले असते. म्हणून पहिले काम म्हणजे प्रत्येक नोंदीसमोर तिचा प्रकार लिहून काढणे. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या मोफत ऑनलाइन सूचीवर, प्रकारानुसार नोंदी वेगळ्या करता येतात. अधिवेशनांतील सारांशांबाबत विशेष सावध राहावे. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या वार्षिक अधिवेशनाचे सारांश ‘ब्लड’ या नियतकालिकाच्या पुरवणी अंकात छापले जातात. त्यामुळे यादीत ते भारदस्त नाव दिसले, तरी नोंद पूर्ण निबंधाची आहे की सारांशाची, हे तपासल्याखेरीज पुढे जाऊ नये.

दुसरा प्रश्न नावाचा. पबमेडमध्ये आडनाव आधी आणि आद्याक्षरे नंतर लिहून शोध घेतात, पण देशपांडे, जोशी किंवा पाटील अशा आडनावांना एकाच आद्याक्षरांचे अनेक संशोधक सापडतात आणि लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन नावांत विभागले जाते. लेखकांची पूर्ण नावे तेथे 2002 पासून नोंदवली जाऊ लागली आणि सर्व लेखकांच्या संस्था 2014 पासून. त्याआधीच्या नोंदी सहलेखक, विषय आणि गाव यांवरूनच जुळवाव्या लागतात. ऑर्किड क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, 2012 मध्ये आला, म्हणून जुन्या पिढीसाठी त्याचा फारसा उपयोग नाही.

प्रत्यक्ष सरावासाठी मुंबईचे रक्तगट-संशोधक डॉ. एच. एम. भाटिया यांचे नाव घ्यावे. 3 मे 1952 च्या ‘द लॅन्सेट’मध्ये अवघ्या दोन पानांचा एक निबंध आहे: भेंडे, देशपांडे आणि भाटिया हे मुंबईचे तिघे, त्यांच्यानंतर सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स हे लंडनचे चौघे. ज्याला आज ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात, त्याचे हे पहिले वर्णन. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर एच प्रतिजन (पेशीच्या पृष्ठभागावरची, रक्तगट ठरवणारी एक खूण) नसतो, नेहमीच्या तपासणीत त्यांचा गट ‘ओ’ वाटतो, पण त्यांच्या रक्तद्रवात एच-विरोधी प्रतिपिंडे (त्या खुणेवर हल्ला करणारी प्रथिने) असल्यामुळे ‘ओ’ गटाचे रक्तही त्यांना चालत नाही. लेखकक्रमात पहिला प्रत्यक्ष काम करणारा आणि शेवटचा प्रयोगशाळेचा प्रमुख, असा आजचा संकेत येथे लावला, तर मुंबईच्या संशोधकांचा वाटा चुकीचा मोजला जाईल. जुन्या निबंधांत क्रमापेक्षा मजकूरच वाचावा लागतो. उद्धरणांच्या, म्हणजे इतर निबंधांनी दिलेल्या संदर्भांच्या, संख्येवरही विसंबता येत नाही, कारण शोध एकदा पाठ्यपुस्तकात स्थिरावला, की मूळ निबंधाचा संदर्भ न देताच ‘बॉम्बे फेनोटाइप’ हे शब्द सर्रास वापरले जातात. त्याऐवजी धागा पुढे कोठे गेला, हे पाहावे: या अवस्थेमागील एफयूटी1 जनुकातील दोष 1994 मध्ये दाखवला गेला, म्हणजे दोन पानांचे ते निरीक्षण चार दशकांनंतरच्या रेण्वीय संशोधनालाही पुरले.

भाटिया यांनी पुढे मुंबईच्या रक्तगट संदर्भ केंद्राची धुरा सांभाळली. तेच केंद्र आज परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी म्हणून ओळखले जाते. 1973 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये ‘प्राथमिक अहवाल’ म्हणून एका नव्या प्रतिजनाची नोंद आली आणि सहलेखकांत त्यांचेही नाव आहे. तो प्रतिजन म्हणजे ‘इंडियन’ या स्वतंत्र रक्तगट प्रणालीची सुरुवात. हे प्रतिजन सीडी44 या प्रथिनावर असतात, आणि त्या प्रथिनाचा अभ्यास रोगप्रतिकारशास्त्रातही मोठ्या प्रमाणावर झाला आहे. इम्पॅक्ट फॅक्टरच्या (नियतकालिकातील निबंधांना सरासरी किती उद्धरणे मिळतात, त्या आकड्याच्या) चाळणीतून यादी गाळणाऱ्याच्या हातून नेमका हाच निबंध निसटण्याचा धोका आहे. (या प्रणालीचे नाव तसेच्या तसे शोधखिडकीत लिहिले, तर भारतीयांच्या रक्तगटांवरचे असंख्य असंबद्ध निबंध पुढे येतात, त्याऐवजी सीडी44 जोडून शोधावे.)

एच-निर्देशांक (किमान तितकीच उद्धरणे मिळालेल्या निबंधांची संख्या: 10 निबंधांना प्रत्येकी किमान 10 उद्धरणे असतील, तर तो 10) 2005 मध्ये हिर्श यांनी सुचवला. तो सर्वांत शेवटी पाहावा आणि केवळ एकाच उपक्षेत्रातील, साधारण एकाच वयाच्या संशोधकांची तुलना करण्यापुरता वापरावा. आढावा लेखांना उद्धरणे भरपूर मिळत असल्यामुळे तो सहज फुगतो. निबंध मागे घेतला गेला असल्यास पबमेडच्या नोंदीवर तशी सूचना असते, म्हणून ज्या निबंधांच्या आधारे मत बनवायचे आहे, तेवढ्यांच्या नोंदी तरी स्वतः उघडून पाहाव्यात.