दिवंगत गायिकेच्या स्मरणार्थ श्रवणसभा कशी घ्यावी

एखादी मोठी गायिका गेली की शोकसभा भरते, पाच-सहा भाषणे होतात आणि जिच्यासाठी सारे जमले तिचे गाणे मात्र शेवटी दोन मिनिटे वाजवून बंद केले जाते. हे टाळायचे असेल तर शोकसभेऐवजी श्रवणसभा घ्यावी. गाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकवणे आणि त्यांच्या नोंदी बिनचूक देणे, एवढीच तिची अट. ती कशी आखावी हे 10 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत निधन पावलेल्या लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण यांच्या उदाहरणाने पाहू.

सर्वांत आधी बातमीची खातरजमा करावी. डिसेंबर 2024 मध्ये उस्ताद झाकीर हुसेन यांच्या निधनाचे वृत्त कुटुंबीयांनी दुजोरा देण्यापूर्वीच सर्वत्र फिरले होते आणि त्या रात्री त्यांच्या आप्तांना ते खोडून काढावे लागले होते. घरच्यांचे निवेदन येईपर्यंत मंडळाच्या गटावर एक अक्षरही टाकू नये. त्यानंतर नावाची आणि छायाचित्राची शहानिशा करावी. सुलोचना चव्हाण गेल्यानंतर सहा महिन्यांच्या आत, 4 जून 2023 रोजी, ज्येष्ठ अभिनेत्री सुलोचना लाटकर यांचेही निधन झाले. पडद्यावर केवळ ‘सुलोचना’ या नावाने वावरलेल्या या अभिनेत्रीचे छायाचित्र गायिकेच्या फलकावर लागणे अगदी सहज शक्य आहे, म्हणून फलक छापण्यापूर्वी जुन्या जाणकाराला तो अवश्य दाखवावा.

गाण्यांची निवड हा या कामाचा गाभा आहे आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा. दीड तासाच्या सभेला दहा-बारा गाणी पुष्कळ होतात. केवळ गाजलेली गाणी घेतली तर श्रोत्यांना आधीच ठाऊक असलेलेच पुन्हा मिळते. विवाहापूर्वी सुलोचना चव्हाण या सुलोचना कदम या नावाने हिंदी चित्रपटांत गात असत, त्यामुळे ध्वनिमुद्रणे शोधताना तेही नाव घालून पाहावे. ‘ढोलक’ या 1951 च्या चित्रपटातील त्यांचे एखादे गीत आरंभी ऐकवले, म्हणजे पुढे लावणीत हाच गळा किती वेगळा लागला हे कानांनाच कळते. त्यानंतर आचार्य अत्रे यांच्या ‘हीच माझी लक्ष्मी’मधील लावणी घ्यावी. ‘लावणीसम्राज्ञी’ ही उपाधी अत्रे यांनीच त्यांना दिली, हे तेथे सांगणे उचित ठरेल. मग वसंत पवार यांच्या संगीतातील रचना याव्यात. ‘सवाल माझा ऐका’ (1964) मधील ‘सोळावं वरीस धोक्याचं’ आणि ‘मल्हारी मार्तंड’ (1965) मधील ‘फड सांभाळ तुऱ्याला गं आला’ ही गाणी वगळणे मला तरी योग्य वाटत नाही.

प्रत्येक गाण्यापूर्वी निवेदकाने चार-पाच वाक्येच बोलावे, पण ती ऐकण्याला उपयोगी पडतील अशी असावीत. उसाला तुरा आला म्हणजे ऊस पक्व होऊन तोडणीला आला आणि आता फड राखायला हवा, हे शहरात वाढलेल्या तरुण श्रोत्याला ठाऊक नसते. ते सांगितले की ग. दि. माडगूळकरांच्या ‘फड सांभाळ’ या शब्दांतील खट्याळपणा त्याच्यापर्यंत पोहोचतो. सुलोचनाबाई मंचावर दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन, हावभावांचा आधार न घेता लावणी गात. सारा शृंगार त्यांनी केवळ उच्चारांत आणि आवाजाच्या फेकीत ठेवला होता, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण येथेच आहे. म्हणून चित्रपटातील नृत्याची दृश्ये न दाखवता फक्त ध्वनी ऐकवावा.

ध्वनिव्यवस्था साधी चालेल, पण मोबाइलच्या स्पीकरवर ढोलकीची थाप हरवते. बरा स्पीकर आणून सभागृहात आदल्या दिवशी गाणी वाजवून पाहावीत आणि जुन्या मुद्रणांत खर्ज फार वाढवू नये, कारण त्याने शब्द दबतात. कार्यक्रम जाहीर असेल, विशेषतः तिकीट लावणार असाल, तर ध्वनिमुद्रणांच्या सार्वजनिक वादनासाठी परवाना लागतो का, याची चौकशी आधीच करावी.

दारात प्रत्येकाला एक कागद द्यावा आणि त्यावर गाण्याचे नाव, गीतकार, संगीतकार, चित्रपट आणि वर्ष छापावे. गायिकेच्या स्मरणात कवी आणि संगीतकार पुसले जाणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. ज्या नोंदीची खात्री नाही ती जागा कोरी ठेवावी. सभेच्या अखेरीस ज्यांनी बाईंना प्रत्यक्ष ऐकले आहे अशा वडीलधाऱ्यांना बोलते करावे, गाव आणि अंदाजे साल विचारून त्यांच्या आठवणी वहीत उतरवाव्यात, आणि त्यांची संमती घेऊन त्या वहीची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात जमा करावी.