अनेक बोलींची आदिवासी परिषद कशी भरवावी : चियापासची पद्धत

मेक्सिकोतल्या चियापास राज्यात ऑक्टोबर 1974 मध्ये आदिवासी परिषद झाली. निमित्त होतं वसाहतकाळात आदिवासींची बाजू घेणाऱ्या बिशप बार्तोलोमे दे लास कासास यांच्या पाचशेव्या जयंतीचं. राज्य सरकारनं मदत मागितली, तेव्हा तिथले बिशप सामुएल रुईस यांचा आग्रह एकच होता : आदिवासींना शोभेला बसवायचं नाही, त्यांनीच बोलायचं. 327 गावांतून त्सेल्ताल, त्सोत्सिल, तोहोलाबाल आणि चोल भाषा बोलणारे 1,230 प्रतिनिधी आले. भिली, पावरी, कोरकू, माडिया बोलणाऱ्यांना एकत्र बसवायचं असेल, तर ही पद्धत आपल्याकडेही चालते.

विषय चारच ठेवा. तिथे जमीन, व्यापार, शिक्षण आणि आरोग्य हे होते. पंधरा विषय घेतले की प्रत्येकावर भाषणं होतात, निर्णय एकही होत नाही.

खरं काम परिषदेच्या आधीचं. चियापासमध्ये तयारी महिनोन्‌महिने चालली. आधी गावात चर्चा, मग भाषावार बैठका, शेवटी एकत्र परिषद. पाड्यावरची बैठक रात्रीची जेवणं उरकल्यावर घ्या, बायकांची वेगळी आणि आधी. मोहाच्या आणि तेंदूपानाच्या दिवसांत, पेरणीत किंवा बाजाराच्या दिवशी तारीख धरली तर माणसं येत नाहीत, आणि दोष मात्र त्यांच्या अनास्थेला दिला जातो.

तक्रार मोघम लिहून घेऊ नका. ‘जंगल खातं त्रास देतं’ यावर कुणी काही करू शकत नाही. किती एकर, कोणत्या सालापासून कसतात, वनहक्क दावा कधी दिला, पोच आहे का, मोजणी झाली का, हे विचारा. मजकूर आधी बोलीतच देवनागरीत लिहा आणि तिथेच वाचून दाखवा. ‘असं नाही, असं म्हटलं होतं’ ही दुरुस्ती बहुधा याच वेळी येते.

सगळ्यात जास्त कष्ट दुभाष्यांवर घ्या. ते त्याच समाजातले तरुण हवेत आणि त्यांची तयारी आधीच्या बैठकांतूनच व्हायला हवी. प्रत्येक बोलीला दोन जण, अर्ध्या तासानं आलटून पालटून. वक्त्यानं दोन-तीन वाक्यांनंतर थांबायचं. एकामागून एक चार बोलींत सांगायचं तर दहा मिनिटांच्या बोलण्याला जवळपास पाऊण तास लागतो. वेळापत्रक त्या हिशेबानं आखा. घाईत दुभाषी सारांश सांगू लागतो, आणि बोलणाऱ्याचा राग, आकडे, नावं तिथेच गळतात.

मंचावर पुढारी आणि प्रमुख पाहुणे नकोत. गुरुजी किंवा कार्यकर्ते लोकांच्या वतीनं बोलू लागले, तर त्यांना नम्रपणे खाली बसवा. हे अवघड जातं, पण इथे ढील दिली की पहिल्याच सत्रात परिषद हातातून जाते.

ठराव मराठीत टंकून झाला की सह्या-अंगठ्यांआधी तो प्रत्येक बोलीत वाचायचा. एक प्रत प्रत्येक गावाला, एक तहसील कचेरीत देऊन शिक्क्यासह पोच घ्यायची. पंधरा दिवसांत गावोगाव बैठका लावून कुठल्या ठरावाचं काय झालं ते सांगायचं.