जुनं माइसेन घेताय? आधी तळाचा तिरप्या उजेडातला फोटो मागा

काकिएमॉन डिझाइनचं (जपानी रंगीत नक्षीच्या शैलीतलं) माइसेन, म्हणजे जर्मनीतल्या माइसेन कारखान्याची पोर्सेलीनची भांडी, ऑनलाइन लिलावात दिसतं, पण ते खरंच सॅक्सनीचा राजा ऑगस्टस द स्ट्राँगच्या संग्रहातलं आहे का हे समोरच्या फोटोवरून कळत नाही.

१. तळावर टॉर्च एकदम आडवा धरून क्लोजअप काढायला सांगा.
२. ड्रेस्डेनच्या जपानी पॅलेसचा, म्हणजे ऑगस्टसचा हा संग्रह जिथे होता त्या महालाचा, नंबर शोधा, म्हणजे एन, बरोबरची खूण, आकडा आणि माइसेनसाठी डब्ल्यू. तो ग्लेझमध्ये (वरच्या काचेसारख्या चकाकत्या थरात) कोरून काळा केलेला असतो, त्यामुळे तिरप्या उजेडात खाच दिसायला हवी, नुसता रंगवलेला असेल तर सोडून द्या.
३. निळ्या तलवारी (माइसेनची खूण, एरवी ग्लेझच्या खाली असते) ग्लेझच्या वर आहेत म्हणून लगेच नकली म्हणू नका, पॅरिसचा व्यापारी लमेअर याच्यासाठी मुद्दाम तशा काढल्या होत्या, खरवडून माल जपानी म्हणून विकता यावा म्हणून (भारीच डोकं!), आणि १७३१ मध्ये तो माल जप्त होऊन पॅलेसमध्येच गेला.

ए आर (ऑगस्टस रेक्स, म्हणजे राजा ऑगस्टस) खुणेवर मात्र भाळू नका, १९व्या शतकात ड्रेस्डेनमध्ये तिच्या ढिगाने नकला झाल्या.

आणि वस्तू हातात आली की नंबर घासून धुऊ नका, खाचेतला काळा रंग निघून जातो.