राष्ट्रीय मृदा माहिती कशी गोळा करावी आणि जमीन-वापर धोरणात ती कशी वापरावी

माती तपासायला बाहेर पडण्याआधी, या माहितीच्या आधारे कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे लेखी ठरवावे. सुपीक जमीन बांधकामापासून वाचवायची असेल, तर मातीची खोली, पोत, उतार आणि दगडगोट्यांचे प्रमाण लागते. नवे सिंचन कुठे न्यावे हे ठरवायचे असेल, तर निचरा आणि क्षारता पाहावी लागते, आणि तीही किमान एक मीटर खोलीपर्यंत, कारण पाणी साचवणारा चिकण थर वरच्या वीस सेंटिमीटरमध्ये दिसतच नाही. सेंद्रिय कर्बाचा (मातीतील जैविक पदार्थांतल्या कार्बनचा) साठा मोजायचा असेल, तर आखणी पुन्हा वेगळी होते. एकाच मोहिमेतून सगळ्या प्रश्नांची उत्तरे काढू पाहणारी सर्वेक्षणे बहुधा एकाही प्रश्नाचे धड उत्तर देऊ शकत नाहीत.

त्यानंतर जुने दप्तर उघडावे. सर्वेक्षणाचे जुने नकाशे, मृदा छेदांची (जमिनीच्या उभ्या कापात दिसणाऱ्या थरांची) वर्णने आणि प्रयोगशाळांच्या नोंदवह्या संगणकावर आणताना प्रत्येक नोंदीसोबत ठिकाण, वर्ष, खोली आणि तपासणीची पद्धत नोंदवावी. पद्धत माहीत नसलेला आकडा वेगळा ठेवावा. तो इतरांत मिसळू नये.

नमुन्यांच्या जागा निवडताना सोय पाहू नये. खताच्या शिफारशीसाठी आलेले नमुने शिफारशीपुरते उपयोगी असतात, पण ज्यांनी पाठवले त्यांचेच शेत त्यात दिसते. पडीक जमीन, कुरणे आणि जंगले सुटतात. म्हणून हवामान, भूरूप, मूळ खडक आणि जमिनीचा वापर यांनुसार देशाचे विभाग पाडून प्रत्येक विभागात यादृच्छिक पद्धतीने बिंदू निवडावेत किंवा सरळ चौकटींची जाळी आखावी. इंग्लंड व वेल्समध्ये १९७८ ते १९८३ या काळात पाच किलोमीटरच्या जाळीवर नमुने घेतले गेले. जागांची नोंद नीट असल्यामुळेच १९९४ ते २००३ दरम्यान त्यातील बऱ्याच ठिकाणी परत जाऊन बदल मोजता आला. रस्त्यापासून दूर आहे म्हणून बिंदू सरकवण्याची मुभा पथकाला देऊ नये. जाणे अशक्यच असेल, तर पर्यायी बिंदू कसा घ्यायचा याचा नियम आधीच ठरलेला असावा.

प्रत्यक्ष शेतात जमीनधारकाची परवानगी घेऊन वरचा पालापाचोळा बाजूला सारावा आणि ठरलेल्या खोल्यांवर गिरमिटाने माती काढावी. निवडक ठिकाणी खड्डा खणून थरांचा रंग, रचना व मुळांची खोली यांचे वर्णन लिहावे. पिशवीच्या आत एक आणि बाहेर एक अशा दोन चिठ्ठ्या लावाव्यात. नमुना सावलीत वाळवून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढावा आणि चाळणीवर उरलेल्या खड्यांचे वजन न विसरता नोंदवावे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते स्थूल घनतेकडे, म्हणजे ठरावीक घनफळातील वाळलेल्या मातीच्या वजनाकडे. त्यासाठी ठरावीक घनफळाची धातूची कडी मातीत ठोकून, आतील माती भट्टीत वाळवून तोलावी लागते. हे काम वेळखाऊ असल्याने टाळले जाते आणि मग कर्बाचे सगळे हिशेब अंदाजावर उभे राहतात. सेंद्रिय कर्ब १.५ टक्के, घनता १.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आणि खोली ३० सेंटिमीटर धरली, तर खडे नसलेल्या जमिनीत हेक्टरी ५८.५ टन कर्ब निघतो, घनता १.१ धरली, तर तोच आकडा ४९.५ टनांवर येतो. नऊ टनांचा हा फरक मातीतला नाही, मोजणीतल्या ढिलाईचा आहे.

प्रयोगशाळांतही हीच दक्षता हवी. सेंद्रिय कर्ब रसायनांनी मोजण्याची १९३४ सालची वॉकली-ब्लॅक पद्धत सगळा कर्ब पकडत नाही, म्हणून तिच्या आकड्याला साधारण १.३ ने गुणण्याचा प्रघात आहे. कोरड्या ज्वलनाने, म्हणजे नमुना उच्च तापमानाला जाळून, मिळालेला आकडा तिच्याशी थेट जुळत नाही. विम्ल (अल्कधर्मी) जमिनीतील स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी) ओल्सेन, तर आम्ल जमिनीसाठी ब्रे पद्धत वापरतात, आणि दोन्हींचे आकडे एका रकान्यात बसवणे चूकच आहे. प्रत्येक प्रयोगशाळेकडे ओळख न सांगता तोच संदर्भ नमुना अधूनमधून पाठवावा, आणि तपासून उरलेली माती जपून ठेवावी, म्हणजे पद्धत बदलली तरी जुने नमुने नव्याने तपासता येतात.

बिंदूंवरून नकाशा तयार करताना काही बिंदू पडताळणीसाठी राखून ठेवावेत आणि प्रत्येक नकाशासोबत अनिश्चिततेचा नकाशाही द्यावा. १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील अडीचशे मीटर. असा नकाशा प्रादेशिक आराखड्यासाठी चालतो, पण एका भूखंडाच्या परवानगीचा निकाल त्यावर लावता येत नाही. तिथे स्थानिक तपासणी सक्तीची करावी.

धोरणकर्त्यांना सामू (पीएच) आणि कर्बाचे तक्ते देऊन भागत नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९७६ साली मांडलेल्या भूमी मूल्यमापनाच्या चौकटीप्रमाणे, ठरावीक वापरासाठी जमीन योग्य, मर्यादित योग्य की अयोग्य, आणि कोणत्या मर्यादेमुळे, हे स्पष्ट लिहावे. मग नियोजनाच्या नियमात तेच वर्ग नावानिशी यावेत: अमुक वर्गाच्या जमिनीवर बिगरशेती परवानगी देण्यापूर्वी कमी प्रतीची पर्यायी जागा तपासल्याचा लेखी पुरावा जोडावा, आणि नाकारलेले पर्याय कारणांसह सर्वांना पाहता यावेत. कर्बासारखे गुणधर्म हळू बदलतात, म्हणून त्याच बिंदूंवरील फेरतपासणीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.