न्हाणीघरातलं बिल: गोव्यात आंघोळीचं पाणी कमी खर्चात कसं तापवायचं

गोव्यात घर गरम करावं लागत नाही. सत्तरी, सांगे, धारबांदोड्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गारठा जाणवतो, पण तो गोधडीने भागतो. आपल्याकडे उष्णतेवर पैसा जातो तो न्हाणीघरात. त्यामुळे बिल कमी करायला निघताना पहिलं गणित आंघोळीच्या पाण्याचं करावं.

त्याआधी वीज खात्याचं शेवटचं बिल समोर घ्या. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणजे पहिली १०० युनिट सर्वात स्वस्त आणि पुढचा प्रत्येक टप्पा त्याहून महाग. तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी तुमच्या सर्वात वरच्या टप्प्यातून कमी होतं. म्हणून बचतीचा हिशेब सरासरी दराने करू नका, बिलावरचा शेवटचा दर धरा. कागदावर एका कोपऱ्यात तो लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. बिल किती दिवसांचं आहे तेही बघा. ३० दिवसांच्या बिलाची ६० दिवसांच्या बिलाशी तुलना करून उगाच डोकं धरून बसणारे पुष्कळ आहेत.

एका बादलीला किती वीज?

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी लागते आणि विजेच्या १ युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. आपल्या नळाचं पाणी साधारण २७ अंशांचं धरू. आंघोळीला ४२ अंश पुरे होतात. २० लिटरच्या बादलीला १५ अंश चढवायचे म्हणजे ३०० किलोकॅलरी, म्हणजे ०.३५ युनिट. चौघांच्या चार बादल्या १.४ युनिट. टाकीतून आणि पाइपातून जी उष्णता वाया जाते ती धरून महिन्याला साधारण ५० युनिट. तुमच्या घरी गिझर यापेक्षा बराच जास्त खात असेल, तर दोष पाण्यात नसून वापरण्याच्या पद्धतीत आहे.

सर्वात मोठी चूक म्हणजे गिझर दिवसभर चालू ठेवणं. पाणी तापून दिवा विझला तरी टाकी थंड होत राहते आणि थर्मोस्टॅट तिला पुन्हा पुन्हा तापवतो. जुन्या, पातळ अस्तराच्या गिझरात यात दिवसाला एक युनिटपर्यंत जातं. म्हणजे कोणी आंघोळ न करताही महिन्याला ३० युनिट.

दुसरी चूक तापमानाची. २५ लिटरचा २ किलोवॉटचा गिझर पाणी ६५ अंशांपर्यंत नेतो तेव्हा १.१ युनिट आणि ३३ मिनिटं लागतात. ५० अंशांवर थांबवला तर २० मिनिटांत काम होतं. ६५ अंशांच्या टाकीतून गार पाणी मिसळून तीन बादल्या निघतात आणि ५० च्या टाकीतून जेमतेम दोन. एकामागून एक चौघे आंघोळ करणार असतील तर ६० बरं. एक-दोघंच असाल तर खालचं झाकण काढून नॉब ५० वर आणा, पण आधी मेन स्विच बंद करा. आठवड्यातून एकदा मात्र तो पूर्ण ६० च्या वर जाऊ द्या, कोमट टाकीत जंतू वाढू शकतात.

आंघोळी सलग उरका. पहिल्याच्या आधी २० मिनिटं गिझर लावायचा आणि शेवटचा माणूस आत गेला की बंद करायचा. सकाळी सहाला एक, नऊला दुसरा अशी घराची रीत असेल तर १०-१५ लिटरचा छोटा गिझर परवडतो.

पाइपाचं कोणी मोजत नाही. पाऊण इंची पाइपात प्रत्येक मीटरला पाव ते एक तृतीयांश लिटर पाणी असतं. गिझर आणि नळ यांत १५ मीटर अंतर असेल तर गरम पाणी यायच्या आधी चार-पाच लिटर गार पाणी येतं आणि आंघोळ संपल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात निवत पडतं. जुन्या घरांत न्हाणीघर मागच्या बाजूला आणि गिझर वरच्या मजल्यावर असतो, तिथे गिझर जवळ आणणं हाच उपाय.

गिझरची देखभाल, आपल्या पाण्यात

जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ, किंचित आम्लधर्मी असतं. त्यामुळे देशावर होतो तसा क्षाराचा जाड थर इथे कमी दिसतो, पण टाकी आतून खाल्ली जाण्याचा धोका जास्त. टाकीत मॅग्नेशियमची एक सळई असते, अॅनोड म्हणतात तिला. टाकीऐवजी तिने झिजावं यासाठीच ती बसवलेली असते. विहिरीचं पाणी असेल तर वर्षातून एकदा काढून बघा. पेन्सिलीएवढी बारीक झाली किंवा आतली तार दिसू लागली की बदला. ती स्वस्त असते, टाकी फुटली तर अख्खा गिझर जातो. पाणी तांबूस येत असेल तर ते बोअरवेलचं लोह आहे की टाकीचा गंज, हे गार नळ उघडून ओळखा. दोन्ही नळांना तांबूस असेल तर दोष पाण्याचा.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब थेंब पाणी येणं चांगलं, सतत धार लागणं वाईट. ठिबकणं बंद करण्यासाठी तिथे बूच मारणारे प्लंबर आहेत. त्यांना तसं करू देऊ नका, दाब कोंडला की टाकी फुटते.

वायर २ किलोवॉटला २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची आणि ३ किलोवॉटला ४ ची, सॉकेट १६ अँपिअरचं. वितरण पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. पावसात तो वारंवार पडत असेल तर इलेक्ट्रिशियन कधी कधी तो काढून थेट जोडणी करून देतो. ती जोडणी मान्य करू नका, गिझरचं एलिमेंट तपासा. त्याचं आवरण फुटून पाण्यात गळती होत असते. इमर्शन रॉड वापरायचाच असेल तर प्लास्टिकच्या बादलीत, आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही.

फुकटची उष्णता

मार्च ते मे गच्चीवरची काळी टाकी दुपारी तीनपर्यंत चांगली तापते. संध्याकाळी आंघोळ करणाऱ्याला त्या दिवसांत गिझर लागतच नाही. टाकीवर सावली घालून पाणी गार ठेवायचं की तसंच तापू द्यायचं, हे घराने ठरवावं. दोन टाक्या असतील तर एक उन्हात, एक सावलीत ठेवा.

गॅस गिझर

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी उष्णता असते. चांगला गॅस गिझर तिचा ८० टक्के भाग पाण्यात उतरवतो, म्हणजे १४५ युनिट. सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागा आणि उत्तर त्या कोपऱ्यात लिहिलेल्या दराशी ताडून बघा. गोव्याचे घरगुती विजेचे दर महाराष्ट्राच्या मानाने कमी असल्यामुळे हा भागाकार केल्यावर गॅस स्वस्त पडेलच असं नाही. तिकडच्या नातेवाइकांचा सल्ला इथे तसाच्या तसा लागू होत नाही. चौघांच्या आंघोळीला सिलिंडर साडेतीन महिन्यांच्या आसपास पुरतो.

गॅस गिझर न्हाणीघराच्या आत कधीही बसवू नका. बंद खोलीत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आधी सुस्तावतो आणि मग कोसळतो. आपल्याकडे काचेच्या पट्ट्यांची खिडकी असते आणि पावसाची झड आली की ती पहिली बंद होते, म्हणून ‘खिडकी आहे’ हा युक्तिवाद धरू नका. गिझर बाहेरच्या भिंतीवर आडोशाला लावा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्या. ज्योत निळी हवी, पिवळी दिसली की बर्नर साफ करून घ्या.

भाण आणि बंब

परसात माड असतील तर चुडतं (झावळ्या), पिडे (झावळीचे दांडे), सोडणं (नारळाची सालं), करवंट्या घरचीच असतात आणि हे जळण जुनाट म्हणून टाकून देण्यासारखं नाही. अडचण असते ती चुलीत. उघड्या चुलीत जळणाची १०-१५ टक्केच उष्णता पाण्यात जाते, म्हणजे चौघांच्या पाण्याला रोज सुमारे दोन ते तीन किलो सुकी सोडणं. भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, चुलीवर नुसतं टेकवू नका. भोवती मातीचा किंवा विटांचा कडा घाला आणि भांडं व कडा यांत बोटभर फट ठेवा, म्हणजे ज्वाळा भाणाला घासून वर जाते. खाली लोखंडी जाळी हवी, राखेवर जळण ठेवलं की हवा अडते. ४ इंची धुरांडं कौलांच्या वर दोन-तीन फूट न्या आणि वर टोपी लावा. कौलातून पाइप जातो तिथे लाकडी वासा चिकटून असेल तर मध्ये पत्रा घाला. भाणावर झाकण ठेवा. एवढी साधी गोष्ट, पण निम्म्या घरांत ती नसते.

तांब्याच्या बंबात मधल्या नळीतून ज्वाळा जाते आणि पाणी भोवती असतं, त्यामुळे तो उघड्या चुलीपेक्षा कितीतरी कमी जळण खातो. मात्र पाणी भरल्याशिवाय कधी पेटवू नका. रिकामा तापला तर सांध्यांचा डाग, म्हणजे झाळ, सुटतो आणि डाग देणारा तांबट आता शोधावा लागतो.

जळण मे अखेरपर्यंत मांगरात (परसातल्या खोपटात) किंवा पडवीत, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर रचा. ओल्या सोडणाची बरीच उष्णता स्वतःला सुकवण्यातच जाते, धूर होतो तो वेगळाच. प्लास्टिकचा कचरा या चुलीत टाकू नका.

सोलर गिझर आणि हीट पंप

सोलर गिझर १०० लिटरचा असेल तर चार माणसांना पुरतो. तोंड दक्षिणेला, कल १५ ते २५ अंश. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा निदान फूटभर वर असावा. तसं नसेल तर पाणी अडतं आणि ‘सोलर तापतच नाही’ अशी तक्रार सुरू होते. हवेची नळी सरळ वर, पाण्याच्या पातळीहून उंच न्या. पाण्यासकट सांगाड्याचं वजन दीडशे-दोनशे किलो होतं, म्हणून कौलांवर नको, स्लॅबवर किंवा स्वतंत्र लोखंडी मांडणीवर बसवा. किनाऱ्याजवळ नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या. आणि वर बघा: माड आहे का? एक नारळ पडला तर काचेच्या नळ्या जातात. नारळ पाडून न घेता तिथे सोलर लावणं म्हणजे नशिबावर हवाला. माकडांचा उपद्रव असलेल्या गावात वरून जाळी लागते.

खर्च सुटतो का? पावसाळ्याचे चार महिने धरू नका. उरलेले आठ महिने गुणिले ५० युनिट म्हणजे वर्षाला ४००. त्याला तुमच्या वरच्या दराने गुणा. चौघांच्या घराला हा आकडा लहानच निघतो. पाहुण्यांच्या खोल्या असतील, रोज ३००-४०० लिटर गरम पाणी लागत असेल, तर चित्र पालटतं. तिथे हीट पंपही विचारात घ्या. तो हवेतली उष्णता पाण्यात ढकलतो आणि आपल्या उबदार हवेत गिझरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास वीज घेतो, पावसातही. चौघांच्या घराला मात्र तो महागडं खेळणं ठरेल.

गच्चीवर जागा एकच असेल तर माझं मत विजेच्या पॅनेलांना. १ किलोवॉटला सुमारे १० चौरस मीटर जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिटांच्या आसपास मिळतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. चुडताची सावलीसुद्धा एका पॅनेलवर पडली तर साखळीतल्या बाकीच्यांचं उत्पादन घसरू शकतं, म्हणून जागा सकाळी नऊ, बारा आणि तीनला बघून मग ठरवा.

न्हाणीघराबाहेर

साधा पंखा ७५-८० वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. रोज १२ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १५-१८ युनिट वाचतात. तीन पंखे बदलले की आंघोळीच्या अख्ख्या पाण्याएवढी बचत झाली. गोव्याच्या दमट हवेत पंखा वर्षातले नऊ-दहा महिने फिरतो, म्हणून हातात पैसे थोडेच असतील तर आधी बेडरूमचा पंखा बदला.

विहिरीचा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळ चालत असेल तर फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या विहिरीतल्या टोकाची झडप, बघा. त्यात पानाचा तुकडा अडकला की पाणी परत विहिरीत उतरतं. फ्रिजच्या दारात कागद अडकवून दार लावा, कागद सहज ओढला गेला तर रबर बदला. एसी २६ वर ठेवून पंखा मंद लावा, जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. पावसात ओल मारायला एसीचा ‘ड्राय’ मोड पुरतो. कपाटातल्या बुरशीसाठी १५ वॉटचा दिवा दिवसरात्र लावलात तर महिन्याला ११ युनिट जातात. त्याऐवजी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि पाऊस उघडेल तेव्हा दारं उघडी ठेवा.