कॉलम गेल्यावर स्लॅबचं काय होतं: या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

एम. टेक.च्या प्रबंधाला ‘प्रोग्रेसिव्ह कोलॅप्स’, म्हणजे एक भाग गेल्यावर इमारत पाठोपाठ ढासळत जाणं, हा विषय घेतलेली मुलं दरवर्षी भेटतात. बहुतेकांचा मार्ग ठरलेला असतो. ईटॅब्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा मजली इमारत उभी करायची, तळमजल्याचा एक कॉलम डिलीट करायचा आणि बीमवरचे ताण तक्त्यात भरायचे. स्लॅब मॉडेलमध्ये असतो, पण भार गोळा करून बीमवर टाकण्यापुरता. मुलाखतीत मी मात्र आधी हेच विचारतो: त्या कॉलमच्या डोक्यावर स्लॅबची खालची सळई कुठे संपते?

हा प्रश्न पुस्तकी नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साईसिद्धी इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांवर ठपका आला. अमेरिकी मार्गदर्शिका वाचताना वाटतं की कॉलम स्फोटानेच जातो. आपल्याकडे तो दुकानाचा गाळा मोठा करताना जातो, नाहीतर गंजलेल्या सळया दुरुस्त करायला टेकू न लावता काँक्रीट फोडलं म्हणून जातो.

आता आकडेमोड, आणि ती हातानेच करा. बीम नसलेला १५० मिमी जाडीचा स्लॅब घ्या, कॉलम ४ मीटरवर. स्वतःचं वजन ३.७५, फिनिशिंग १.५, राहत्या घराचा लाइव्ह लोड २, सगळं किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. नेहमीच्या डिझाइनला दीडपट करून १०.९ येतात. कॉलम गेल्याची परिस्थिती अपवादात्मक, म्हणून तिथे भार कमी धरतात: डेड लोडच्या (स्वतःचं वजन अधिक फिनिशिंग) १.२ पट अधिक लाइव्ह लोडचा अर्धा, म्हणजे ७.३. आकडा बघून हायसं वाटतं. पण गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ४ चा ८ मीटर झाला, आणि मोमेंट (स्लॅबला वाकवणारा जोर) गाळ्याच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौपट. दोन्ही मिळून मोमेंट डिझाइनच्या साधारण २.७ पट, तोही कॉलम सावकाश गेला असं धरून. नुसत्या वाकण्याच्या ताकदीवर हा स्लॅब तरत नाही.

त्याहून वाईट म्हणजे मोमेंटची दिशा फिरते. कॉलमवर स्लॅबला वरून ताण असतो, म्हणून तिथे वरची सळई भरपूर. कॉलम गेला की त्याच जागी ताण खालून येतो. आपण शिकलेला नियम आठवा: खालच्या सळईचा लॅप (दोन सळया एकमेकींवर चढवून केलेला जोड) आधारापाशी, वरच्याचा गाळ्याच्या मध्यावर. नियम बरोबरच आहे, फक्त कॉलम जागेवर असेपर्यंत. जुन्या इमारतींत तर एकाआड एक सळई क्रँक करून, म्हणजे तिरपी वाकवून, वर नेलेली असते, त्यामुळे आधारापाशी खाली निम्म्याच उरतात. आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या संहितेप्रमाणे सलग गाळ्यात खालच्या स्टीलचा एक चतुर्थांश भाग आधारात नेला तरी चालतो.

मग काही स्लॅब तगतात ते कसे? सुरुवातीला थोडं वाकताना तो बाजूच्या गाळ्यांमध्ये आडवा दाबला जातो आणि कमानीसारखा वागतो, त्यामुळे हिशोबापेक्षा जास्त भार पेलतो. खालवण स्लॅबच्या जाडीच्या आसपास गेली की ती कमान मोडते. त्यापुढे काँक्रीटला तडे जातात आणि सळया ओढल्या जाऊन स्लॅब झोळीसारखा लोंबतो. याला टेन्साइल मेम्ब्रेन म्हणतात. माझ्या मते सगळा विषय इथेच आहे.

खालची जाळी ८ मिमी, १५० मिमी अंतरावर, फे ५००डी (५०० न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीची सळई): मीटरभर रुंदीत ३३५ चौरस मिमी स्टील, म्हणजे जवळजवळ १६८ किलोन्यूटन ओढ. एका दिशेने ८ मीटर झोळी धरली तर ७.३ चा भार पेलायला मध्यावर ३५ सेमी खालवण पुरते. कॉलम झटक्यात गेला तर दुप्पट धरा, ७० सेमी. एवढ्या खालवणीत सळई सरासरी २ टक्के ताणली जाते, आणि फे ५००डी ला किमान १६ टक्के लांबण्याची क्षमता लागते. प्रत्यक्षात ताण तड्यांपाशी एकवटतो, तरी गणित आशादायक आहे. अट एकच: सळई सलग हवी. लॅप सुटला की हा सगळा हिशोब रद्दीत. आणि त्या १६८ किलोन्यूटनना पलीकडून कोणीतरी धरायला हवं. आतल्या कॉलमला चारी बाजूंचे गाळे धरतात. कोपऱ्याच्या कॉलमला बाहेर कोणीच नाही, तिथे झोळी विसरा आणि वरच्या सळईवर कॅन्टिलिव्हर तपासा.

फ्लॅट स्लॅबमध्ये, म्हणजे अशा बीम नसलेल्या स्लॅबमध्ये, आणखी एक संकट असतं, ते म्हणजे शेजारच्या कॉलमवर भार वाढून पंचिंग होणं, म्हणजे कॉलम स्लॅबला भोक पाडून वर घुसणं. तिथे वरची सळई कामाला येत नाही, वरचं कव्हर सोलून ती उचकटून निघते. खालच्या सळया कॉलमच्या पिंजऱ्यातून आरपार गेल्या असतील तर स्लॅब त्यांच्यावर अडकून राहतो. म्हणूनच अमेरिकेच्या एसीआय संहितेत दोन्ही दिशांनी खालच्या किमान दोन सळया कॉलममधून नेण्याची सक्ती आहे. खर्च नगण्य. आपल्याकडे हे नकाशावर लिहून द्यावं लागतं, आपोआप होत नाही.

अभ्यासाचा क्रम म्हणाल तर आधी यील्ड लाइन (स्लॅब कोणत्या रेषांवर मोडेल ते धरून ताकद काढायची पद्धत), मग मेम्ब्रेन, सॉफ्टवेअर शेवटी. जीएसए आणि यूएफसी ४-०२३-०३ या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिका फुकट मिळतात. इतिहासासाठी लंडनचं रोनन पॉइंट वाचा. १६ मे १९६८ ला १८व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, २२ मजली इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला आणि चौघे गेले. ती पॅनेलची इमारत, कॉलमची नव्हे, पण इमारत बांधून ठेवणाऱ्या ‘टाय’चे नियम तिथून आले. प्रबंधासाठी दहा मजले नकोत. एकच मजला घ्या, पण सळया खऱ्या नकाशातल्या घ्या, कट आणि लॅपसकट.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. नुसत्या या विषयावर पगार देणारी ऑफिसं मोजकी. काम येतं ते इमारतींचं ऑडिट, रेट्रोफिट (जुन्या इमारतीला बळकटी देणं) आणि टेकूच्या डिझाइनमधून. मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतींना ऑडिट सक्तीचं असल्याने ते आटणारही नाही. कॉलमचं जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून नवा थर चढवून मजबुती, करताना टेकू किती मजल्यांपर्यंत न्यायचे हे ज्याला हिशोबाने सांगता येतं, त्याला कन्सल्टंट सोडत नाहीत.

आणि साइटवर जा. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी चेकिंगला गेलात की कॉलमच्या डोक्याशी उकिडवे बसा, बॅटरी मारा आणि उभ्या सळयांच्या मधून खालच्या किती आरपार जातात ते मोजा. फिटर म्हणेल, “साहेब, वर भरपूर टाकलंय की.” त्याला खालच्या दोन सळया दाखवायला सांगा. नसतील तर रात्रीतून घालून होतात. एकदा काँक्रीट पडलं की नाही.